आरपार अंतरपाट

मला पहिली नोकरी लागली ती थाप मारून. पिंपरीच्या एका कंपनीत टर्नरच्या जागेसाठी आम्ही चौदा-पंधरा पोरं रांगेत बसलो होतो आणि हातात एक फॉर्म होता. त्यात 'छंद' असा रकाना. माझ्या उजवीकडच्यानं 'वाचन' लिहिलं होतं, डावीकडच्यानं 'क्रिकेट'. मला वाटलं, आपण काहीतरी वेगळं लिहावं, साहेबाची नजर थांबली पाहिजे. शाळेत असताना एक सहामाही टकळीचा तास होता, त्यात माझा धागा कधी वीतभरापलीकडे गेला नव्हता. गुरुजींनी माझ्या टकळीचा भोवरा झालेला पाहून ती काढून घेतली होती. तरी मी बेधडक लिहून टाकलं, 'सूतकताई'. साहेबाची नजर थांबली. इतकी थांबली की बाकी काही त्याने विचारलंच नाही. "उद्या तू कातलेलं सूत घेऊन ये," एवढंच म्हणाला.

मी तसाच पुण्याला गेलो, खादीच्या दुकानातून सुताची एक गुंडी घेतली, तिच्यावरची चिठ्ठी थुंकी लावून काढली आणि दुसऱ्या दिवशी साहेबापुढे ठेवली. साहेबाने एक धागा सोडवून दोन बोटांतून ओढला. "माझी आई तीस वर्षं कातत होती," तो म्हणाला, "तिला इतकं एकसारखं सूत कधी जमलं नाही. तू केव्हा शिकलास?" मी म्हणालो, "लहानपणी." साहेब इतका हसला की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. "थापाड्या आहेस, पण माल चांगला निवडलास. टर्नरला नजर लागते. सोमवारपासून ये." हा किस्सा साहेबाने माझ्याआधी शॉपवर पोचवला होता. सोमवारी मी मशीनपाशी उभा राहिलो तेव्हा माझं नाव बदललेलं होतं. कंपनीच्या बसमध्ये, कँटीनमध्ये, हजेरीच्या खिडकीपाशी, सगळीकडे 'ए चरखा!' चाकणजवळच्या आमच्या गावापर्यंत, निघोज्यापर्यंत, ते नाव यायला आठवडा लागला नाही.

आता एखादा शहाणा पोरगा काय करील? महिनाभर ऐकून घेईल, लोक आपोआप विसरतील. मला ते जमत नाही, आजही जमत नाही. मी ठरवलं, चरखा म्हणता काय, थांबा, कातूनच दाखवतो. पिंपरीच्या भंगारवाल्याकडे एक पेटीचरखा मिळाला. पेटी उघडली की दोन चाकं, एक लहान, एक मोठं, आणि सूत ज्या सळईवर गुंडाळत जातं ती चाती मात्र गायब. मी म्हटलं, हे तर आपलंच काम. साहेबाला विचारून जेवणाच्या सुट्टीत लेथवर अशी चाती काढली की तिच्यावरून माशी घसरावी. वर हुशारी म्हणून तिला दोन्हीकडून बेअरिंग बसवलं. मग काय, चाती अशी फिरायला लागली की विकत आणलेल्या मूठभर कापसाच्या धाग्याला पीळ बसून बसून त्याच्या शेवया व्हायच्या आणि शेवटी तुटून त्या माझ्याच मिशीला चिकटायच्या. चार दिवसांनी बेअरिंग काढलं आणि आईच्या जुन्या चपलेच्या चामड्याचे दोन तुकडे लावले, तेव्हा कुठे ती माणसात आली.

त्याहून मोठा गाढवपणा कापसाचा. आमच्याकडे कापूस पिकत नाही. आमच्याकडे बाजरी, बटाटा, कांदा. पण कंपनीत मशीन पुसायला सुताची भेंडोळी मिळतात, आम्ही त्याला 'वेस्ट' म्हणायचो. मला वाटलं, दिसायला कापूस, नावाला फुकट, मग अडलंय कुठे? स्टोअरवाल्याकडून एक गोणी मागून आणली. आईने ती सोड्यात उकळली, अंगणात वाळत घातली, आणि मी रोज संध्याकाळी पहिल्या शिफ्टवरून आलो की ती बोटांनी पिंजत बसायचो. पंधरा दिवस मी हे करत होतो. धाकटी बहीण सुली एकदा शेजारी येऊन बसली, हातात एक तुकडा घेतला, निरखून पाहिला आणि म्हणाली, "दादा, हे सूतच हाय की. कातलेलं. तू ते उसवून परत त्याचंच सूत करणार व्हय?" मी म्हणालो, "हां." म्हणजे माझ्या ते तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं, पण तिला कशाला सांगा? ती पदर तोंडाला लावून घरात पळाली आणि मग आतून आईचं हसणं ऐकू आलं. आईचं हसणं चुलीवर दूध वर यावं तसं यायचं, आधी आवाज नाही, मग एकदम.

आईनेच मग वाट दाखवली. तुळशीपाशी तिचं एक देवकापसाचं झाड होतं, वातींपुरतं. बायका येऊन दोन-दोन बोंडं मागून न्यायच्या. "लाव की त्याचंच बी परड्यात," ती म्हणाली, "एकदा धरलं की वर्सानुवर्सं बोंडं देतंय. त्याला ना फवारा लागत ना काय." घरामागचं परडं म्हणजे दोन गुंठ्यांचा तुकडा. शेती सगळी एमआयडीसीत गेलेली, तेवढंच काळं रान राहिलेलं. तिथे आईची वांगी होती, कुंपणावर घेवड्याचा वेल होता, कोपऱ्यात कढीपत्ता. मी बारा झाडं लावली. पहिल्या वर्षी नुसती उंच झाली. दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या पुढेमागे, एका सकाळी सगळी पांढरी दिसली. मी ब्रश तोंडात धरूनच बराच वेळ उभा राहिलो आणि त्या दिवशी माझी कंपनीची बस चुकली.

सूत कातताना जो आवाज होतो तो मला आजही नीट सांगता येत नाही. चाकाची कुरकुर असते, दोरीची सळसळ असते, पण त्याखाली आणखी एक बारीक गुणगुण असते, ती धाग्याची. धागा तुटणार असला की ती आधी जरा चढते. हे कळायला मला दीड वर्ष लागलं, आणि ते कळलं तेव्हा मी पहिल्यांदा गप्प बसून काम करणारा माणूस झालो. सुली समोर बसून सरकी काढायची, कापूस पिंजून त्याच्या बोटभर लांब वळ्या, म्हणजे पेळू, वळायची. तिचे पेळू माझ्यापेक्षा सरस, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं. हल्ली शहरातली पोरं शनिवार-रविवारी शिबिराला जाऊन कातायला शिकतात, माझ्याकडेही येतात, आणि विचारतात की काका, यातून तुम्हाला मनःशांती मिळते का? मी सांगतो, नाही. मला यातून भांडायला बळ मिळतं. ते बिचारे वहीत काहीतरी वेगळंच लिहून घेतात.

आणि भांडण तर घरातच उभं होतं. आमचे आबा तसे कमी बोलणारे. जमीन गेली तेव्हाही ते फार बोलले नव्हते. पण गावात ज्याच्या-त्याच्या दारात भाड्याच्या खोल्या उठायला लागल्या होत्या. चाकणच्या कंपन्यांत येणारी पोरं, कुणी लातूरचं, कुणी बीडचं, कुणी बिहारचं, एका खोलीत सहा-सहा राहायची, आणि भिंतींवर खडूने लिहिलेलं असायचं, 'रूम खाली है'. आबांनी एका रविवारी, आईने मासवडी केली होती त्या दिवशी, जेवता जेवता विषय काढला. मासवडीच्या दिवशी आमच्या घरात कुणी भांडत नसे, तिचा रस्सा थंड झाला तर आईला सहन व्हायचं नाही. हे आबांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी तो दिवस निवडला असणार.

"परड्यात पाच खोल्या बसत्यात," आबा म्हणाले. "मिस्त्री मापं घेऊन गेला."

"तिथं कापूस हाय," मी म्हणालो.

"कापूस?" आबांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. "बारा झाडं हायेत. त्याला कापूस म्हन्त्यात व्हय? समद्या गावात खोल्या झाल्या, आन् आपल्या परड्यात हा पोरगा बोंडं मोजत बसतो. लोक मला चरख्याचा बाप म्हन्त्यात."

इथे माझं नेहमीचं झालं. मनात नसलेलं तोंडातून गेलं. सुलीचं लग्न ठरलं होतं, वैशाखातली तारीख होती, घरात दुसरा विषयच नव्हता. मी म्हणालो, "सुलीच्या लग्नात अंतरपाट आपल्या परड्यातल्या कापसाचा आसंल. मी कातलेल्या सुताचा. त्याच्याआडच लग्न लागंल."

आईचा हात पातेल्यावर थांबला. सुली म्हणाली, "माझ्या लग्नात तुझ्या पैजा कशाला रं दादा?"

आबांनी मात्र पैज लगेच उचलली. "आन् न्हाई झाला तर?"

"तर बांधा खोल्या. विटा मी सोता वाहीन."

"झाला तर?"

"तर परड्याला हात लावायचा न्हाई. कधीच."

"लगीन लागस्तवर दुसरं कापड मधी आलं की खोल्या," आबांनी पक्कं केलं, आणि रश्श्याचा भुरका मारला. रस्सा गारच झाला होता.

सूत तर माझ्याकडे होतं, म्हणजे आहे असं मला वाटत होतं. विणणार कोण? शेजाऱ्यांनी भाड्याने दिलेल्या खोलीत सोलापूरचं एक जोडपं राहायचं. नवरा कंपनीत शिफ्ट करायचा आणि बायको, रेणुकाबाई, लग्नाआधी माहेरी मागावर चादरी विणायची. तिला विचारलं तर तिचा चेहरा असा फुलला की जणू मी तिला माहेरी पाठवतोय. माग कुठून आणणार? मी एका जुन्या बाजेची चौकट घेतली, वरखाली दोन दांडे बसवले. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे सारख्या अंतरावर ठेवायला फणी लागते, ती मी सायकलच्या आऱ्यांची केली. सगळ्या आऱ्या एका मापाने कापल्या, एका ओळीत वेल्डिंग केल्या. काय देखणी दिसत होती! मी ती रेणुकाबाईंपुढे अशी धरली की त्यांनी टाळ्याच वाजवाव्यात.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे फणी हाय का गेट हाय? याच्यातनं म्हैस जातंय की."

"मजबूत आहे पण."

"मजबूत हाय, खरंय. म्हशीला चांगलं हाय." मग त्यांनी समजावलं, आरी जाड, तिच्यामुळे धाग्यात फार फट राहणार. "फणीच्या एका घरात दोन-दोन धागे घ्या, मग जमतंय."

मी गुंड्या पुढे ठेवल्या. दोन-दोन घ्यायला सूत पुरत नव्हतं. माझ्या दोन वर्षांच्या सुतातलं निम्मं शिकाऊ हाताचं, ते ताण्यावर चढवलं की तुटायचं. लग्नाला तीन आठवडे राहिले होते आणि झाडांवर एक बोंड नव्हतं.

"मग थोडं गिरणीचं घ्या की मधी मधी," रेणुकाबाई म्हणाल्या. "कोण बघतंय?"

"मी बघतोय," मी म्हणालो.

हे वाक्य मी नंतर पुष्कळांना अभिमानाने ऐकवलं आहे. त्या वेळी ते बोलल्यावर रेणुकाबाईंनी नुसता उसासा टाकला आणि एकेरी धाग्याने विणायला घेतलं. पाट झाला. आईने त्याला भाताच्या पेजेची खळ दिली, तांब्याने घोटला, चौपदरी घडी घातली आणि वर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. बाजेवर ठेवलेली ती घडी जाडजूड, कडक, पांढरीशुभ्र दिसत होती. आबांनी येता-जाता दोनदा तिच्यावरून हात फिरवला. घडी उलगडून उजेडात धरावी, असं आमच्या घरातल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. रेणुकाबाई सांगू शकल्या असत्या, पण त्यांचं म्हणणं मी आधीच उडवून लावलं होतं.

मुहूर्त गोरज होता. दारापुढेच मांडव, पश्चिमेची बाजू उघडी. विलास, म्हणजे माझा मेहुणा, गुडघ्यापर्यंतच्या हारात घामाघूम उभा. आमच्या मामाने सुलीला आणून समोर उभी केली, तिची पाठ पश्चिमेला. मी आग्रहाने पाटाचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं भटजींनी. घडी उलगडली आणि त्याच वेळी मावळतीचं ऊन सुलीच्या मागून सरळ त्या कापडावर आलं.

पाटात सुली उभी होती. मुंडावळ्या, नथ, कपाळावरची चंद्रकोर, सगळं. नुसतं कुंकवाचं स्वस्तिक तेवढं तिच्या हनुवटीवर आलं होतं. विलास तोंड उघडं टाकून बघत होता. आधी पुढच्या रांगेतल्या बायका खुसखुसल्या, मग मांडव हसला. विलासचा मामा सफारीत होता, ट्रान्सपोर्टचा धंदा, आवाज रस्त्यावर पोचणारा. "आरं हा अंतरपाट हाय का मच्छरदानी?" तो ओरडला. "पोरगं तर नथीचे मोती मोजायला लागलं!" आणि त्याने बगलेतून आपला पाट काढला. मरून मखमल, सोनेरी जर, कडेला त्यांच्या घराण्याचं नाव. तो त्यांनी आणलाच होता. "हा धरा भटजी. शास्त्र शास्त्रासारखं झालं पायजे."

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांकडे पाहिलं. आबा फेटा सावरत दुसरीकडेच बघत होते, पण त्यांचा कान इकडे होता. मला कळत होतं की मी बोलायला हवं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडातून काही निघेना. मी फक्त टोक सोडलं नाही. विलासच्या मामाने ते माझ्या हातातून घ्यायला ओढलं, मी उलट ओढलं. कापड ताणलं गेलं आणि आणखीच विरळ झालं.

"ह्यो पाट सोडायचा न्हाई," पाटापलीकडून आवाज आला. सुली. नवरीने मांडवात बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. बायकांचं हसू जागच्या जागी थांबलं. "ह्याचा पेळू न् पेळू मी वळलाय. ह्या मांडवात दुसरं कापड मधी आलं तर मी बोहल्यावरनं उतरते."

"आगं, पर दिसतंय की समदं!" मामा म्हणाला.

"दिसतंय तर मी डोळे मिटते. त्यांनी बी मिटावं. मग झालं?"

मामाने भटजींकडे दाद मागितली. भटजी बिचारे मुहूर्ताच्या काळजीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, कापड पाहिलं, मला पाहिलं. "मध्ये वस्त्र पाहिजे, हे खरं," ते म्हणाले. "ते किती जाड पाहिजे, असं काही मी वाचलेलं नाही. वराने डोळे मिटावेत." आणि त्यांनी पहिलं मंगलाष्टक असं काही वरच्या पट्टीत उचललं की मामाला पुढे बोलायला जागाच राहिली नाही.

आमच्या पंचक्रोशीत असं लग्न आधी लागलं नव्हतं. नवरानवरी डोळे घट्ट मिटून उभी. पण विलास माणूसच होता. दुसऱ्या कडव्याला त्याने एक डोळा किलकिला केला, आणि पाट आरपार असल्यामुळे ते सगळ्या मांडवाला दिसलं. "ए, डोळं मिट!" बायकांतून कुणीतरी ओरडलं. तिथून पुढे प्रत्येक कडव्याला हेच. भटजींचं 'सावधान' झालं की अक्षता पडायच्या आणि पाठोपाठ अख्खा मांडव ओरडायचा, "मिट की रं!" शेवटी मामाच पुढे झाला आणि त्याने आपल्या भाच्याचे डोळे स्वतःच्या तळव्याने झाकले. हसून हसून त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. मखमल त्याने खुर्चीवर टाकली होती आणि तिच्यावर कुणाचं तरी लहान मूल झोपलं होतं.

आबा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी परड्यातून आवाज आला म्हणून गेलो तर मिस्त्री आलेला, जमिनीवर दोरी टाकलेली, चार कोपऱ्यांत चार खुंट्या ठोकलेल्या. आबा शेजारी. माझं डोकं सणकलं. मी काही न बोलता घरात गेलो, चरखा आणला, झाडांच्या मधोमध, बरोबर मिस्त्रीच्या दोरीवर मांडी घातली आणि कातायला लागलो. खरं सांगायचं तर चरख्यावर पेळूच नव्हता. मी नुसतंच चाक फिरवत होतो. घाईत पेळू आणायचा राहिला होता, आणि आता उठून आणायला जाणं शोभलं नसतं.

"ह्यो पाट म्हनायचा का?" आबा म्हणाले. "समदं दिसत हुतं."

"दुसरं कापड मधी आलं का?"

आबा वाकून एक खुंटी हलवून बघायला लागले. मिस्त्री एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. मी रिकामी चाती फिरवत होतो, आणि तीही कुरकुरत होती. कुंपणापलीकडून रेणुकाबाई बघत होत्या, आई मागच्या दारात उभी होती.

"खुट्या काढ," आबा मिस्त्रीला म्हणाले. "वर घराच्या सलाबवर किती खोल्या बसत्यात त्ये बघ. जिना पुढनं घे, ह्या बाजूला पाय नको." मग माझ्याकडे न बघता, घरात शिरता शिरता, "आन् तू. पुढच्या खेपेला दाट ईन. सुलीला पोर झालं की झबलं लागंल. त्यातनं दिसायला नको."

मिस्त्रीने खुंट्या उपटल्या आणि दोरी गुंडाळायला घेतली. माझ्या बुडाखालचं टोक मी उचलून दिलं. देताना जरा बोटांतून ओढून पाहिलं. छान पीळ होता, दोरी एकसारखी, कुठे गाठ नाही, कुठे जाड-बारीक नाही.

गिरणीची होती. मी ती देऊन टाकली.